छोट्या सुरीला घरच्या घरी लाकडी मूठ: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

बाजारात मिळणाऱ्या कितीतरी छोट्या सुऱ्यांचं पातं चांगलं असतं, पण मूठ अगदीच सामान्य असते. पोकळ प्लास्टिक, ओल्या हातातून निसटणारी पकड आणि काही वर्षांत रिबिटापाशी जाणारा तडा. असं पातं टाकून देऊ नये. साधी हत्यारं, हातभर चांगलं लाकूड आणि दोन शनिवार-रविवारचं हातकाम एवढ्यात त्याला तुमच्या पंजाच्या मापाची मूठ बसते. लाकूड, इपॉक्सी आणि तेल सुकायचा वेळ मात्र वेगळा.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की धरा. मूठ देखणी होते ती लाकडामुळे आणि घासकामामुळे, पण ती टिकते आतल्या सांध्यामुळे, आणि सांधा एकदा बंद झाला की पुन्हा डोळ्यांना दिसत नाही. सहा महिन्यांनी सुटलेल्या, फट पडलेल्या किंवा आतून गंजलेल्या मुठी उघडून पाहिल्या तर दोष बहुतेक वेळा चिकटवण्याआधीच्या तासाभरात सापडतो. म्हणून खाली घासण्या-चकाकवण्यापेक्षा सांध्याच्या तयारीवर जास्त लिहिलं आहे.

सुरी कोणती घ्यावी

पहिल्या कामाला पूर्ण टँगची सुरी घ्या. टँग म्हणजे पात्याचा मुठीत जाणारा भाग. सुरी पाठीकडून पाहिली की मुठीच्या दोन फाकांच्या मधोमध, पार शेवटापर्यंत पोलादाची रेघ दिसली, तर ती पूर्ण टँगची. रेघ मध्येच संपत असेल किंवा दिसतच नसेल, तर टँग मुठीच्या आत लपलेली आहे. तिची रीत वेगळी आहे, ती शेवटी दिली आहे.

पातं 75 ते 100 मिमी, टँग 100 ते 115 मिमी लांब आणि 2 ते 3 मिमी जाड असेल तर काम सोपं जातं. भाजी चिरायच्या स्वस्त सुऱ्यांची टँग मिलिमीटरभर जाड असते. तिलाही मूठ बसते, पण ती घासताना वाकते आणि सपाट राखणं अवघड होतं. दोन-तीन मिमीची टँग निमूटपणे जागेवर राहते.

कायद्याचंही थोडक्यात. घरगुती, शेतीच्या किंवा उद्योगाच्या वापरासाठी नसलेली, 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याची सुरी भारतात शस्त्र नियमांखाली येते. आपली सुरी त्याच्या बरीच आत आहे. तरी शहरात पोलिसांचा शस्त्रबंदी आदेश चालू असताना ती खिशात घेऊन फिरू नका, आणि विमानात हातातल्या सामानात तर कधीच नको.

लाकूड

पहिल्या मुठीला सागवान उत्तम. कुठल्याही सुताराकडे किंवा वखारीत कटपीस मिळतात, लाकूड हत्याराला ऐकतं आणि पावसाळ्यात फार हलत नाही. त्याची एकच अडचण म्हणजे अंगचं तेल. ते चिकटवणाला आड येतं, त्यावरचा उपाय पुढे येईल. शिसवी अधिक घट्ट आणि देखणी असते, पण तिच्या भुशाने काहींच्या कातडीला खाज सुटते आणि नाक वाहतं. बाभूळ चिवट, गावाकडे अवजारांचे दांडे वर्षानुवर्षं तिचेच. चिंचेच्या गाभ्याचं गडद लाकूड फार सुंदर निघतं, मात्र ते दगडासारखं कठीण असल्याने हाताने घासणाऱ्याचा अंत पाहतं. आंब्याचं लाकूड स्वस्त आणि नरम आहे. सरावाला ठीक, पण ओल्या स्वयंपाकघरात ते लवकर काळवंडतं. पांगाऱ्यासारखी हलकी लाकडं खेळण्यांना चांगली, मुठीला नकोत.

झाडाच्या जातीइतकंच महत्त्व लाकूड किती सुकलं आहे याला आहे. ओलं लाकूड चिकटवलं की ते नंतर आडवं आक्रसतं, पोलाद मात्र आक्रसत नाही. मग मुठीच्या कडेला टँग बाहेर आल्यासारखी लागते, नाहीतर रिबिटापासून चीर निघते. रत्नागिरीत जुलैमध्ये केलेली मूठ मे महिन्यात नागपूरला नेली तर हा फरक बोटाला जाणवतो. तपासायची सोपी युक्ती अशी: तुकडा कापून घरात सावलीत ठेवा आणि आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर त्याचं वजन लिहून ठेवा. लागोपाठ तीन आठवडे वजन तेच आलं की लाकूड तुमच्या घरातल्या हवेशी जुळलं. उन्हात किंवा ओव्हनमध्ये घाईने सुकवलं तर टोकांना चिरा पडतात.

लाकडाचे दोन तुकडे हवेत, प्रत्येकी 125 मिमी लांब, 35 मिमी रुंद, 10 मिमी जाड. एकाच जाड तुकड्याला मधोमध चिरून दोन फळ्या काढल्या तर दोन्ही बाजूंचा रंग आणि रेषा जुळतात. रेषा मुठीच्या लांबीला समांतर हव्यात. गाठ, चीर किंवा तिरक्या रेषांचा तुकडा कितीही सुंदर दिसला तरी पहिल्या वेळी बाजूला ठेवा.

बाकीचं सामान

पितळी सळई 4 किंवा 5 मिमी जाडीची, साधारण 10 सेंमी. दोन्ही फळ्या आणि टँग आरपार जोडणाऱ्या दोन पिना तिच्याच कापायच्या. ती हार्डवेअरच्या किंवा भांड्यांच्या कारागिराच्या दुकानात मिळते. न मिळाल्यास वेल्डिंगच्या दुकानातली ब्रेझिंगची पितळी काडी चालते, मात्र ती बारीक असते म्हणून दोनाऐवजी तीन पिना घाला. लोखंडी खिळा वापरू नका. सागवान, बाभूळ यांतलं टॅनिन ओल्या लोखंडाशी मिळून काळंनिळं होतं आणि खिळ्याभोवती कधीही न जाणारा डाग बसतो.

चिकटवायला संथ सुकणारं दोन नळ्यांचं इपॉक्सी, म्हणजे अरल्डाइट स्टँडर्ड किंवा तसंच दुसरं. पाच मिनिटांत आवळणारं इपॉक्सी इथे कामाचं नाही. नीट बसवायला ते वेळ देत नाही, आणि पाणी व उष्णता त्याला कमी सोसते. फेविकॉल पोलादाला धरत नाही, फेविक्विक ठिसूळ असतं.

याशिवाय तीन सी-क्लॅम्प, हॅकसॉ, ड्रिल, लाकडाची दातेरी कानस, एक सपाट आणि एक अर्धगोल बारीक कानस, 80 पासून 400 नंबरपर्यंतचे पॉलिश पेपर, मास्किंग टेप, अॅसिटोन, नायट्राइलचे हातमोजे आणि एन-95 मास्क. मास्क टाळण्याची गोष्ट नाही. घट्ट लाकडाची बारीक पूड फुप्फुसात खोल जाते. शेवटी एक काचेचा जाड तुकडा किंवा गुळगुळीत फरशी लागेल. सपाटपणाची कसोटी तीच.

जुनी मूठ काढणं

सगळ्यात आधी धार बंद करा. पात्यावर पुठ्ठ्याची दुमडलेली पट्टी घाला, वरून मास्किंग टेपचे चार-पाच वेढे द्या. सगळं काम संपेपर्यंत हे आवरण निघता कामा नये. कामात हात कापतो तो बहुतेक मूठ घासताना सुरी सरकल्यामुळे.

रिबिटाच्या डोक्यावर मधोमध पंचने (ठोकायच्या पोलादी खिळीने) खूण करा आणि रिबिटाच्या दांड्यापेक्षा किंचित मोठ्या बिटाने फक्त डोकं उडेपर्यंत ड्रिल करा. मग पंचने दांडा पलीकडे ठोकून काढा. खालच्या फाकेला लाकडाचा ठोकळा लावा, नाहीतर टँग वाकते. प्लास्टिक चिकटवलेलं असेल तर फक्त मुठीचा भाग दहा मिनिटं उकळत्या पाण्यात धरा. बहुतेक चिकटवणं तेवढ्याने नरम पडतात आणि जुन्या छिन्नीने फाक उचलली जाते. उकळत्या पाण्याने पात्याचं पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा, उतरत नाही. गॅसची ज्योत मात्र लावायची नाही. कार्बन पोलाद 200 अंशांच्या पुढे पिवळसर होऊ लागतं, 300 च्या आसपास निळं, आणि तोवर धार धरून ठेवण्याची ताकद गेलेली असते. विजेच्या ग्राइंडरवर टँग घासतानाही हाच धोका. बोटाला चटका बसण्याआधी ती पाण्यात बुडवत राहा.

टँगची तयारी

गंज, जुना गोंद आणि कंपनीचं पॉलिश, सगळं 80 नंबरच्या पेपरने काढा. पेपर काचेवर चिकटवून टँग त्यावर घासली की उंचवटे चमकतात आणि खळगे काळे राहतात. खळगा मधे असेल तर खुशाल राहू द्या, तिथे इपॉक्सी भरून राहतं. कडा मात्र सगळ्या बाजूंनी काचेला टेकल्या पाहिजेत, कारण बाहेरून दिसणारी रेघ कडेचीच असते.

जुन्या रिबिटांची भोकं सोयीच्या जागी असतील तर तीच वापरा. नवं भोक पाडायचं असेल तर आधी तिथे कानस ओढून बघा. कानस पोलाद धरत असेल तर साध्या हायस्पीड बिटाने, थेंबभर तेल घालून, हळू वेगात भोक पडेल. कानस काचेवरून घसरावी तशी घसरली तर टँग पूर्ण कडक आहे आणि कार्बाइड बिट आणावा लागेल. टँगमधलं भोक पिनेपेक्षा थोडं मोठं ठेवा, 5 मिमीच्या पिनेला साडेपाचपर्यंत. हा सैलपणा बांधणी करताना फार उपयोगी पडतो.

फळ्या आणि भोकं

प्रत्येक फळीची आतली बाजू काचेवरच्या 80 च्या आणि मग 120 च्या पेपरवर सपाट करा. फळी दोन बोटांनी मधोमध दाबून आठच्या आकड्यात फिरवा. एकाच टोकाला जोर दिला की ते टोक झिजतं आणि फळी उतरती होते. दर मिनिटाला थांबून फळी टँगवर ठेवा आणि खिडकीसमोर धरून कडेने पाहा. प्रकाशाची एकही रेघ दिसता कामा नये. इथे 120 वर थांबा. आतली बाजू गुळगुळीत केली तर इपॉक्सीला धरायला काही उरत नाही.

"क्लॅम्पने दाबलं की फट बसेल" असं इथे वाटू लागतं. ती बसते, पण क्लॅम्प निघाल्यावर लाकूड आयुष्यभर मूळ आकाराकडे ओढत राहतं आणि एखाद्या उन्हाळ्यात सुटतं. फट क्लॅम्पशिवायच बंद झाली पाहिजे.

आता एक फळी टँगला क्लॅम्प करा, मागे टाकाऊ लाकडाचा ठोकळा लावा आणि टँगच्या भोकातून फळीत ड्रिल करा. ठोकळा नसेल तर बिट बाहेर पडताना पलीकडे ढलपा उडतो. ड्रिल स्टँड असेल तर छानच. हाताच्या ड्रिलने करायचं तर शेजारी गुण्या (सुताराचा काटकोन) उभा धरा आणि दुसऱ्या माणसाला बाजूने बघायला सांगा. भोक तिरकं गेलं तर पलीकडच्या फळीवर पीन भलत्याच जागी निघते. पहिल्या फळीत पिना अडकवून ठेवा, मग दुसरी फळी लावून त्याच भोकांतून ड्रिल करा. म्हणजे तिन्ही थर एका रेषेत येतात.

पिना फळीच्या टोकापासून निदान 15 मिमी आत हव्यात. त्याहून जवळ गेल्यास लाकूड रेषेवर फाटायची भीती असते. पीन बोटाच्या जोराने भोकात सरकली पाहिजे. हातोडीने ठोकावी लागत असेल तर ड्रिलमध्ये पीन धरून तिला 120 च्या पेपरने थोडी झिजवा. ठोकून बसवलेल्या पिनेमुळे पडलेली चीर त्या दिवशी दिसत नाही, पहिल्या कोरड्या ऋतूत उघडते.

पुढची कड आत्ताच पूर्ण करा

नवखे लोक हीच पायरी विसरतात. पात्याच्या बाजूची फळीची कड एकदा चिकटवली की तिथे कानस किंवा पेपर नेताना पातं ओरखडतंच. म्हणून चिकटवण्याआधी दोन्ही फळ्या टँगशिवाय, फक्त पिनांनी एकमेकींना जोडा, त्यांची पुढची कड एकत्रच घासा आणि हव्या त्या उतारावर गोल करा. मग 120 पासून 400 पर्यंत पूर्ण पॉलिश करा. दोन्ही बरोबर घासल्याने पात्याच्या दोन्ही अंगांना कड एकाच जागी येते. ती एक मिलिमीटर जरी मागेपुढे झाली तरी सुरी हातात घेणाऱ्याला लगेच दिसतं.

कडेचा उतार अंगठ्याला लागणार नाही असा, साधारण 45 अंशांचा ठेवा. काटकोनात कापलेली कड दिसते छान, पण अर्धा किलो कांदे चिरल्यावर तर्जनीला वळ उठवते.

चिकटवणं

आधी कोरडी तालीम करा. फळ्या, टँग, पिना, क्लॅम्प सगळं इपॉक्सीशिवाय लावून पाहा. कुठला क्लॅम्प कुठे बसतो आणि त्याचा दांडा पात्याला अडतो का, हे ठरवूनच इपॉक्सीच्या नळ्या उघडा. हात चिकट झाल्यावर क्लॅम्प शोधत बसणं म्हणजे फळी सरकण्याला आमंत्रण.

मग टँग, पिना आणि फळ्यांच्या आतल्या बाजू अॅसिटोनने पुसा. सागवान आणि शिसवीच्या फळ्यांवर कापड पिवळट-तपकिरी व्हायचं थांबेपर्यंत पुसत राहा, आणि अॅसिटोन उडाल्यावर लगेच, तासाभराच्या आतच चिकटवा. जास्त वेळ गेला तर आतलं तेल पुन्हा वर येतं. पुसलेल्या जागी उघडं बोट लावू नका. पिनांवर हॅकसॉच्या पात्याने दोन-तीन उथळ खाचा पाडा, त्यात इपॉक्सी अडकून पीन फिरत नाही. टँगच्या पुढे पात्यावर टेप बरोबर कडेपर्यंत लावा.

एवढ्याशा मुठीला एकूण 10 ग्रॅम इपॉक्सी पुष्कळ झालं. दोन्ही नळ्यांमधून सारख्याच आकारमानाचं घ्या. वजन करून घ्यायचं असेल तर पाकिटावरचं वजनाचं प्रमाण वेगळं असतं, ते पाहा. दोन मिनिटं घड्याळ लावून ढवळा, भांड्याच्या कडा खरवडत. इपॉक्सी दुसऱ्या दिवशीही चिकट राहतं त्याचं कारण जवळजवळ नेहमी चुकलेलं प्रमाण किंवा अपुरं ढवळणं असतं, आणि त्याला मग सगळं खरवडून पुन्हा करण्याशिवाय इलाज नाही. "थोडं हार्डनर जास्त घातलं तर लवकर सुकेल" हा समज चुकीचा आहे. जास्तीचं हार्डनर सांध्यात तसंच नरम पडून राहतं.

टँगच्या दोन्ही बाजूंना आणि दोन्ही फळ्यांना पातळ थर लावा, भोकांतही काडीने घाला. एका फळीत पिना बसवा, त्यावर टँग, त्यावर दुसरी फळी. क्लॅम्पच्या जबड्याखाली लाकडाच्या चिपा आणि प्लास्टिकचा कागद घाला. आता आवळा, पण बेताने. कडेने सगळीकडे बारीक मणी बाहेर आले की थांबायचं. त्यापुढे आवळलं तर आतलं सगळं इपॉक्सी पिळून निघतं आणि कोरडा सांधा उरतो. दिसायला तो अतिशय घट्ट दिसतो आणि पहिल्यांदा सुरी फरशीवर पडली की टकन सुटतो.

पुढच्या कडेला, पात्याच्या बाजूने आलेलं इपॉक्सी अॅसिटोनमध्ये किंचित भिजवलेल्या कानकाडीने लगेच पुसा. पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा, अर्ध्या तासाने पुन्हा. क्लॅम्पचा दाब चालूच असल्याने ते परत येत राहतं, आणि वाळल्यावर काढताना पातं खरवडावं लागतं. हाताला लागलेलं इपॉक्सी थिनरने काढू नका, साबणाने धुवा. थिनर ते कातडीत आणखी खोल नेतो आणि काहींना त्याची कायमची अॅलर्जी जडते.

चोवीस तास हात लावायचा नाही. ढवळलेल्या भांड्यातलं उरलेलं इपॉक्सी जपून ठेवा आणि त्यावर नख दाबून बघा. खूण उमटली तर सांधाही अजून कच्चाच आहे. नाशिकच्या जानेवारीत रात्रीचा पारा 10 अंशांच्या खाली गेला तर दोन दिवस थांबा, किंवा मूठ घरात उबेला ठेवा.

आकार देणं

पिनांची टोकं हॅकसॉने मिलिमीटरभर ठेवून कापा आणि कानसीने लाकडाच्या पातळीला आणा. विजेच्या सँडरने पिना घासू नका. पितळ झटकन तापतं, ती उष्णता पिनेतून थेट सांध्यात जाते आणि घरगुती इपॉक्सी 60-70 अंशांपासूनच नरम पडू लागतं. हातानेच घासत असाल तरी पीन बोटाला गरम लागली की थांबा.

आधी बाजूची रेषा टँगच्या कडेपर्यंत आणा. दातेरी कानस पोलादापासून अर्धा मिलिमीटर दूर असतानाच थांबवा, तिथून पुढे बारीक कानस. मग गोलाई. सरळ गोल करायला गेलं तर एक बाजू जाड, दुसरी बारीक होते. त्यापेक्षा चारही कोपरे 45 अंशांत छाटून मुठीचा छेद आठकोनी करा. पेन्सिलने रेघा मारा, दोन्ही बाजूंना पट्टे सारख्या रुंदीचे आले की पुढे जा. मग प्रत्येक कोपरा पुन्हा छाटा आणि शेवटी पॉलिश पेपरची लांब पट्टी मुठीवरून पुढेमागे ओढा. एवढ्याने दोन्ही अंगं सारखी येतात.

मूठ पूर्ण गोल करू नका. अंड्यासारखा छेद असला, पाठीकडे रुंद आणि बोटांकडे किंचित निमुळता, तर अंधारातही धार कुठल्या बाजूला आहे हे पकडीवरूनच कळतं. पंजाच्या रुंदीत 20 मिमी मिळवले की मुठीची लांबी येते, बहुतेकांना 105 ते 115. जाडी तळहातात बसते तिथे 19 ते 22, पुढे तर्जनीपाशी 15-16. बोटांसाठी खोल खाचा करायचा मोह टाळा. त्या एकाच पकडीला आणि एकाच माणसाच्या हाताला बसतात, बाकी कुणालाही टोचतात.

दर दहा मिनिटांनी धार झाकलेलीच ठेवून सुरी हातात घ्या. हात साबणाने ओला करूनही धरून पाहा. कुठे टोचतं तिथे पेन्सिलची खूण करा आणि तेवढंच घासा. लाकूड काढता येतं, परत लावता येत नाही.

मग 80, 120, 180, 240, 320, 400. प्रत्येक नंबर आधीच्या नंबरचे ओरखडे पूर्ण गेल्यावरच बदला, आणि शेवटचे हात नेहमी रेषेच्या दिशेने फिरवा. 80 चा एक ओरखडा राहिला तर तेल लावल्यावर तो काळ्या केसासारखा उठून दिसतो. घासताना पोलादाची पूड फिकट लाकडाच्या छिद्रांत बसून करडेपणा येतो, म्हणून नंबर बदलताना ब्रशने झटका. ओल्या कापडाने ती पुसू नका.

400 झाल्यावर मात्र मुद्दाम ओल्या कापडाने एकदा पुसा आणि पूर्ण वाळू द्या. दबलेले तंतू उभे राहून मूठ खरखरीत होईल. पुन्हा 400 ने हलकेच घासा. असं दोन-तीनदा केलं की पुढे धुताना मूठ खरखरीत होत नाही.

तेल

इथे जवसाचं तेल लागतं. ते हवेत सुकून लाकडात घट्ट होतं. विदर्भात ते घाणीवर ताजं मिळतं, पण कच्च्या तेलाचा प्रत्येक थर सुकायला आठवडा-दोन आठवडे घेतो. रंगाच्या दुकानातलं डबल बॉइल्ड तेल एक-दोन दिवसांत सुकतं, कारण त्यात सुकवणारी धातूंची रसायनं असतात. स्वयंपाकाच्या सुरीला कच्चं तेल वापरा आणि धीर धरा. खोबरेल, शेंगदाणा किंवा तिळाचं तेल लावू नका. खोबरेल आणि शेंगदाण्याचं तेल सुकतच नाही, तिळाचं धड सुकत नाही. त्यावर धूळ बसते, मूठ चिकट होते आणि खवट वास येऊ लागतो.

पहिला थर भरपूर लावा, वीस मिनिटांनी उरलेलं सगळं कापडाने पुसून काढा. वर राहिलेलं तेल सुकताना चिकट पापुद्रा होतं. असे चार ते सहा थर, प्रत्येक आधीचा पूर्ण सुकल्यावरच. शेवटी एक भाग मधमाशीचं मेण आणि तीन भाग जवसाचं तेल वजनाने घेऊन, गरम पाण्यात ठेवलेल्या वाटीत वितळवून हातानेच चोळा.

तेल पुसलेली कापडं गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना उष्णता सोडतं आणि चुरगळलेल्या कापडात ती साठून ठिणगीशिवाय आग लागते. कापडं दोरीवर एकेरी पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून फेका.

लाखेचं पॉलिश स्वयंपाकाच्या सुरीला टिकत नाही, पाण्याने पांढरं पडतं. पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश चकाकतं, पण ओल्या हातात घसरतं, आणि एकदा टवका उडाला की त्यातून आत गेलेलं पाणी बाहेर पडत नाही.

टँग लपलेली असेल तर

स्वीडनमधल्या मोरा गावच्या सुऱ्यांची पाती बिनमुठीची विकत मिळतात. त्यातल्या पारंपरिक घडणीच्या पात्यांची टँग अरुंद, शेपटीसारखी असते. त्यासाठी 120 × 35 × 28 मिमीचा अखंड ठोकळा घ्या. टँगची लांबी बिटावर टेपने खुणावून, एकाला एक लागून दोन-तीन भोकं पाडा आणि मधल्या भिंती हॅकसॉच्या मोडक्या पात्याच्या टोकाने कोरून काढा. पुढचं तोंड टँगला घट्ट बसायला हवं, आत सैल असलं तरी चालेल, कारण ती पोकळी इपॉक्सीने भरते. इपॉक्सी आधी भोकात तळापासून काडीने भरा आणि टँग हळू आत सरकवा. वरून ओतलं तर खाली हवा अडकते.

गावाकडे लोहार विळ्याची टँग तापवून लाकडात घुसवतात. मोठ्या अवजारात धार तापलेल्या भागापासून दूर असते म्हणून ते जमतं. एवढ्या छोट्या पात्यात उष्णता धारेपर्यंत पोचते, तेव्हा ही रीत इथे नको.

वापर सुरू झाल्यावर

आवरण काढून धार लावण्याआधी इपॉक्सीला पूर्ण आठवडा मिळू द्या. त्यानंतर सुरी वापरली की लगेच धुवा, पुसा, उभी वाळवा. सिंकमध्ये बुडवून ठेवायची नाही, डिशवॉशर तर नाहीच. कार्बन पोलादाचं पातं पावसाळ्यात चामड्याच्या म्यानात ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि आठवड्यात गंजाचे ठिपके येतात. मूठ फिकट, कोरडी दिसू लागली की हलका तेलाचा हात फिरवा, मृगाच्या आधी एकदा नक्की. आणि दर वेळी कडेची रेघ नखाने तपासा. नख अडकेल इतकी फट आढळली तर तीत पातळ इपॉक्सी भरून वेळ मारून नेऊ नका. आत पाणी गेलेलं असतं आणि टँग बंद जागेत गंजत राहते. मूठ उकळत्या पाण्याने सोडवा, टँग साफ करा आणि नव्या फळ्या बसवा.